मूळ बंगाली, हिंदीवरून मराठी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण सांगण्यासारखं काही नाही, नेहमीचाच आळस. पण गेल्या महिन्यात मिरजेचं घर आवरायला आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा एक वही हाती लागली आणि तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतो आहे. (ज्यांना यायला जमलं नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तांब्याची घंगाळं अजून वाटायची आहेत. :))

वही आजोबांची. खाकी कव्हर घातलेली, कडेला वाळवीनं थोडी चाखलेली. आजोबा शाळामास्तर होते आणि संमेलनासाठी दरवर्षी मुलांचं एखादं नाटुकलं बसवत, हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. ती नाटुकली ते स्वतः लिहीत असा माझा समज होता. वहीचं पहिलं पान उघडलं तर त्यावर चार ओळी. मूळ बंगाली, आणि लेखकाचं नाव. हिंदी रूप, आणि अनुवादकाचं नाव. हिंदीवरून मराठी, आणि आजोबांचं नाव. चौथी ओळ, "चुका माझ्या".

आणि खाली खळीनं चिकटवलेलं एक पोस्टकार्ड. त्या हिंदी अनुवादकाचं. शाळेच्या मुलांनी खुशाल करावं, तिकीट लावणार असाल तर पुन्हा विचारावं, एवढाच मजकूर.

धाकट्या मावशीनं वही माझ्या हातातून घेऊन वाचली आणि म्हणाली, "अण्णांचं सगळं असंच. कुणाचं काही घेतलं की आधी चिठ्ठी." सगळे हसले. मी पण हसले, पण मला आतून कसंनुसं झालं. कारण २००४ साली मी नेमकं हेच काम केलं होतं आणि पहिलं पान फाडून टाकलं होतं.

सांगते. थोडं तांत्रिक आहे, पण मावशीला कळेल अशा बेतानं लिहिते.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होते. (नाव घेत नाही. चूक माझी होती, कंपनीची नाही.) आमचं सॉफ्टवेअर लोकांच्या जुन्या ईमेल साठवून ठेवायचं आणि त्यात शोधता यायचं. अडचण अशी की जुन्या ईमेलमधलं अक्षर कुठल्या पद्धतीनं साठवलं आहे हे बरेचदा पत्रात लिहिलेलंच नसतं. संगणकाला शेवटी आकडेच दिसतात. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, याचे तक्ते जपानात वेगळे, रशियात वेगळे, युरोपात वेगळे. चुकीचा तक्ता लावला की पत्राची भेळ होते.

आपल्याला ही भेळ नवी नाही. युनिकोड रुळायच्या आधी मराठी संकेतस्थळं आपापला फाँट घेऊन बसायची. कुणाचा शिवाजी, कुणाचा डीव्ही-टीटी सुरेख, कुणाची श्रीलिपी. तो फाँट नसला की बातमीच्या जागी नुसती विचित्र इंग्रजी अक्षरं. आणि युनिकोडमधलं मराठी पत्र जर संगणकानं युरोपीय तक्त्यानं वाचलं, तर दर अक्षरामागे एक डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा 'ए' आणि त्यापुढे चलनाची एक खूण, अशी रांगच्या रांग लागते. याचं कारण अगदी साधं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच. ज्यांनी ती रांग पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

तर पत्र बघून तक्ता ओळखणारं काहीतरी आम्हांला हवं होतं. आणि ते जगात तयार होतं.

त्याची गोष्ट नेटस्केपपासून सुरू होते. न्याहाळकांच्या लढाईत मायक्रोसॉफ्टपुढे मागे पडत चाललेल्या नेटस्केपनं जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केलं की आपल्या न्याहाळकाचा मूळ कोड सगळ्यांना खुला करणार, आणि ३१ मार्च १९९८ ला तो खरोखर खुला केला. त्यातून मोझिला उभं राहिलं, आणि पुढे फायरफॉक्स. या कोडच्या ढिगात अक्षरपद्धती ओळखणारा एक छोटा भाग होता. तो कसा चालतो यावर शानजियान ली आणि कात्सुहिको मोमोई या नेटस्केपच्या दोघांनी २००१ साली सॅन होजेच्या युनिकोड परिषदेत एक निबंध वाचला. तो निबंध मला अजूनही आवडतो.

कल्पना अशी. एसटीत शेजारी एक अनोळखी माणूस बसला आहे. तो कुठला हे तुम्ही कसं ओळखता? आधी पाहता की त्याच्या तोंडी असं काही येतंय का, जे अमुक गावचा माणूस कधीच म्हणणार नाही. आलं, की ते गाव यादीतून बाद. मग पाहता की कुठले शब्द वारंवार येतात. मग कुठल्या शब्दामागे कुठला येतो. त्या दोघांनीही तेच केलं. पहिली चाळणी, त्या पद्धतीत जे आकडे बसूच शकत नाहीत ते आले का. दुसरी, कुठली अक्षरं जास्त वेळा येतात. तिसरी, कुठल्या अक्षराच्या मागे कुठलं येतं. चिनी-जपानीसारख्या हजारो अक्षरांच्या भाषांना दुसरी चाळणी उपयोगी, आणि रशियन-ग्रीकसारख्या मोजक्या अक्षरांच्या भाषांना तिसरी. तिसऱ्या चाळणीसाठी प्रत्येक भाषेची सगळ्यात जास्त येणारी ६४ अक्षरं घेऊन, कुठल्या जोड्या किती वेळा येतात याचा तक्ता. ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६ आकडे, प्रत्येक ० ते ३ मधला. ही मेहनत कोडच्या ओळींत दिसत नाही. ती त्या तक्त्यांत आहे.

(त्या जुन्या मराठी फाँटांसाठी त्यात काही नव्हतं. ते दुखणं आपलं आपणच काढलं.)

हा कोड सी प्लस प्लसमध्ये, आमचं सगळं काम सी शार्पमध्ये. मी म्हटलं, मी आणते इकडे. तीन आठवडे लागले. डावीकडच्या खिडकीत मूळ फाइल, उजवीकडे माझी. ओळीला ओळ. आकड्यांचे तक्ते सरळ उचलून ठेवले, ते कोण पुन्हा टाइप करणार! चाललं. रशियन पत्र रशियन दिसायला लागलं तेव्हा अख्खा मजला बघायला आला होता.

मोझिलाच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर पस्तीसेक ओळींचा एक मजकूर असायचा. परवाना कुठला, मूळ कोड कुठला, पहिला लिहिणारा कोण, नंतर हात लावणारे कोण कोण. मला तो पसारा वाटला. मी तो काढला आणि त्या जागी दोन ओळी टाकल्या. कंपनीचं नाव, आणि 'लेखक' म्हणून माझं.

चोरी करते आहे असं मला एका क्षणालाही वाटलं नाही, हे खरं सांगते. मनात होतं ते एवढंच, की सी प्लस प्लसची एकही ओळ माझ्या फाइलीत नाही. प्रत्येक अक्षर मी टाइप केलं आहे. मग ते माझं नाही तर कुणाचं?

हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे, हे मला नंतर कळलं. मराठी रंगभूमीच अर्धी अशा आणलेल्या मालावर उभी राहिली. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं विकारविलसित केलं, देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंझारराव. शेक्सपिअर परवानगी द्यायला नव्हता आणि ती लागतही नव्हती. पण जिवंत लेखकाचं काय? १८८६ च्या बर्न करारापासून देशोदेशींचे कायदे हळूहळू या मतावर आले की भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा. आपल्याकडे गंमत अशी की १९१४ च्या कायद्यानं इथे प्रथम छापलेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क लेखकाला फक्त दहा वर्षं दिला होता. तेवढ्यात त्यानं एखाद्या भाषेत भाषांतर काढलं तर त्या भाषेपुरता हक्क पुढे चालू, नाहीतर मैदान खुलं. इतक्या भाषांच्या देशात पुस्तकं इकडून तिकडे जावीत हा त्यातला हेतू मला तरी दिसतो. आजोबांच्या वहीवर १९३८ साल आहे. म्हणजे त्यांचं ते बंगाली पुस्तक दहा वर्षांपेक्षा जुनं असतं तर कदाचित कुणाला विचारायचीही गरज नव्हती. तरी त्यांनी पोस्टकार्ड टाकलं.

१९५७ च्या कायद्यानं ही दहा वर्षांची सवलत ठेवली नाही. आणि १९८४ च्या दुरुस्तीनं संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती' या सदरात घातली. म्हणजे माझी सी शार्पची फाइल कायद्याच्या नजरेत कविता-कादंबरीच्या पंगतीत, आणि तिचं भाषांतर म्हणजे भाषांतरच. अमेरिकेतही तेच. इतकंच कशाला, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या जीपीएल या परवान्यात 'बदल' या शब्दाच्या व्याख्येतच दुसऱ्या भाषेत केलेलं भाषांतर धरलेलं आहे. १९९१ पासून तिथे लिहिलेलं होतं. फक्त मी वाचलं नव्हतं.

मग दुसऱ्याचं बघून काहीच करू नये का? तसंही नाही. कल्पनेवर मालकी नाही, मांडणीवर आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा यावरचा गाजलेला निकाल १९७८ चा. आर. जी. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक, त्यावरून 'न्यू दिल्ली' हा १९५६ चा सिनेमा उचलला असा त्यांचा दावा. प्रांताप्रांतातल्या भेदांचा विषय दोन्हीकडे होता. न्यायालयानं म्हटलं की विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे, म्हणून ही नक्कल नव्हे.

संगणकाच्या जगात याचीच एक रीत पडली. आयबीएमच्या पीसीच्या पोटातली बायोस ही आज्ञावली कॉम्पॅकला १९८२ मध्ये हवी होती, पण नक्कल केली तर खटला. मग त्यांनी दोन गट केले. एका गटानं मूळ वाचून ती काय काय करते एवढंच कागदावर उतरवलं. दुसऱ्या गटानं मूळ कधी पाहिलंच नव्हतं, त्यांनी त्या कागदावरून नवी लिहिली. दोघांच्या मध्ये भिंत. माझ्या बाबतीत भिंत कुठे होती? डावी खिडकी आणि उजवी खिडकी, एवढंच काय ते अंतर.

पण सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे ती युनिक्सची. एटी अँड टीच्या युनिक्सवर बर्कलीच्या विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं भर घातली होती. होता होता त्यांनी एटी अँड टीचा कोड काढून त्या जागी नवा लिहायला घेतला. शेकडो स्वयंसेवक, प्रत्येकानं एकेक भाग, वर्णनावरून. १९९१ मध्ये गाभ्यातल्या सहा फाइली सोडून जवळजवळ सगळं झालं आणि त्यांनी ते सहा फाइलींशिवाय खुलं केलं. १९९२ मध्ये खटला लागला. तेव्हा विद्यापीठानंही उलट दावा लावला. का? तर बर्कलीचा जो कोड एटी अँड टीनं आपल्या युनिक्समध्ये घेतला होता, त्यावरचा श्रेयाचा मजकूर त्यांनी काढून टाकला होता. परवान्यात मागितलं होतं ते एवढंच, आमचं नाव राहू द्या. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८ हजार फाइलींपैकी तीन काढायच्या, काहींत किरकोळ बदल, आणि सुमारे ७० फाइलींवर कॉपीराइटची ओळ लावायची. दोन वर्षं कोर्टात गेली, आणि हाती काय लागलं तर बहुतांशी फाइलींच्या माथ्यावरच्या ओळी.

म्हणजे मी ज्याला पसारा म्हटलं होतं, त्यावर लोक भांडले होते.

असो. माझ्या गोष्टीकडे येते.

२००५ मध्ये एका परदेशी ग्राहकाला आमचं सॉफ्टवेअर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं होतं. कंपनीसाठी तेव्हा ही मोठी गोष्ट होती, पगारवाढ त्यावर अडकली होती. त्यांच्याकडून एक तक्ता आला. प्रत्येक भागासमोर लिहा, यात बाहेरचा कोड आहे का? माझ्या भागासमोर मी लिहिलं, नाही. सही केली. त्या भागासाठी मला वर्षाचं प्रशस्तिपत्रक मिळालेलं होतं, ते टेबलावर उभं होतं.

त्याच आठवड्यात एक नवीन मुलगा माझ्या हाताखाली आला. हुशार, फार प्रश्न विचारणारा. त्यानं त्या फाइली वाचल्या आणि अगदी भक्तिभावानं विचारलं, "मॅडम, हे ४०९६ आकडे तुम्ही कसे काढले? रशियन मजकूर किती लागला?"

मला उत्तर देता येईना.

खरंच काही सुचेना. मी काहीतरी पुटपुटले, मीटिंग आहे म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. ओळी मी टाइप केल्या होत्या हे खरं. पण ते आकडे कुणीतरी, कुठेतरी, मजकुराचे डोंगर चाळून काढले होते, आणि त्या माणसाचं नाव ज्या ओळींत होतं त्या मी पुसल्या होत्या. त्या मुलाच्या डोळ्यांत जो आदर होता तो दुसऱ्या कुणाचा होता.

त्या रात्री मी मोझिलाचा परवाना पहिल्यांदा पूर्ण वाचला. आणि हसावं की रडावं कळेना, कारण तो अजिबात राक्षसी नव्हता. ज्या फाइलींत आमचा कोड आहे त्या फाइली खुल्या ठेवा, निदान १२ महिने. काय बदललं ते लिहून ठेवा. माथ्यावरचा मजकूर ठेवा. तुमच्या बाकीच्या फाइली तुमच्या, त्या दाखवा असं आम्ही म्हणत नाही. बस. आजोबांच्या पोस्टकार्डाहून थोडं लांब, पण भाव तोच.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना काय कळवायचं ते नंतर बघू. आधी कुठल्या फाइली ते दाखव." आम्ही दोघांनी बसून अकरा फाइली काढल्या. मूळ मजकूर परत लावला, शेवटी माझ्या नावापुढे लिहिलं, सी शार्पमध्ये आणलं. फाइली कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवल्या. ग्राहकाच्या तक्त्यात 'नाही' खोडून 'होय' लिहिलं आणि परवान्याचं नाव. चार दिवस पोटात गोळा. मग त्यांचं उत्तर आलं, फाइली कुठे मिळतील तो पत्ता द्या. एवढंच! व्यवहार झाला. पुढे वर्षभर सर माझी प्रत्येक फाइल आधी माथ्याकडून वाचत. ते त्यांनी बरोबरच केलं. प्रशस्तिपत्रक मी कपाटात ठेवलं, अजून तिथेच आहे.

माझ्यासारखं काम जगात अनेकांनी केलं, हे नंतर कळत गेलं. त्यातला सगळ्यांत नावाजलेला मार्क पिल्ग्रिम. पायथन शिकवणारं त्याचं पुस्तक आमच्या पिढीनं जालावर फुकट वाचलं. २००६ च्या सुमारास त्यानं हाच कोड पायथनमध्ये आणला, नाव कारडेट. मी त्याच्या फाइली उघडल्या त्या मुद्दाम माथा बघायला. मूळ कोड मोझिलाचा, पहिला लिहिणारा नेटस्केप, आणि हात लावणाऱ्यांच्या यादीत मार्क पिल्ग्रिम, पुढे फक्त 'पायथनमध्ये आणलं' अशा अर्थाचे तीन शब्द. तेव्हा मला माझ्या दोन ओळी आठवल्या.

मोझिलाचा कोड तेव्हा तीन परवान्यांखाली मिळायचा, हवा तो घ्या. (हे तीन परवाने लावण्यासाठी मोझिलानं वर्षानुवर्षं जुन्या लेखकांना शोधून एकेकाची परवानगी मिळवली. २००६ मध्ये ते काम संपलं. पोस्टकार्डंच पोस्टकार्डं!) पिल्ग्रिमनं त्यातला एलजीपीएल घेतला. आणि इथे या गोष्टीची दुसरी बाजू दिसते, ती पण सांगायला हवी. परवाना एकदा लागला की तो पुढे आणणाऱ्याच्याही मागे येतो. पिल्ग्रिम २०११ मध्ये जालावरून निघून गेला, दुसऱ्यांनी काम पुढे चालवलं, पण परवाना त्यांना आपल्या मनानं सैल करता येईना, कारण मूळ त्यांचं नव्हतं. पायथनमधली रिक्वेस्ट्स ही प्रचंड वापरातली लायब्ररी कारडेट वापरायची. अपाची संस्थेच्या नियमांत एलजीपीएलचा कोड आपल्या वस्तूत बांधून चालत नाही. शेवटी जुलै २०२१ मध्ये रिक्वेस्ट्सनं कारडेटऐवजी चारसेट-नॉर्मलायझर घेतलं, जे कुणीतरी वेगळ्याच रीतीनं नव्यानं लिहिलं होतं आणि ज्याचा परवाना ढिला होता. फायरफॉक्सनंही २०२० मध्ये स्वतःसाठी नवीन लिहिलेला ओळखणारा आणला. कुणाला यात परवान्यांचा जाच दिसेल. मला दिसतं ते असं की आधीच्याच्या अटी पटत नसतील तर सरळ मार्ग हा आहे, स्वतः आकडे मोजा.

आणि तक्त्यांचं म्हणाल, तर 'आकडेच तर आहेत' हे माझं समाधान २०२१ च्याच मार्चमध्ये रूबीवाल्यांचंही मोडलं. त्यांच्याकडे माइममॅजिक नावाची छोटी लायब्ररी होती, फाइल कुठल्या प्रकारची हे ओळखणारी. परवाना अगदी ढिला. पण तिच्या पोटातली माहितीची फाइल दुसऱ्या प्रकल्पातून आलेली, जीपीएलखालची. मूळवाल्यांनी हे दाखवून दिल्यावर जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या, आणि रेल्सवर चालणारे असंख्य प्रकल्प एका दिवसात उभारता येईनात. कोडच्या ओळींवरून नव्हे, एका यादीवरून! आकडे वस्तुस्थिती आहेत की कुणाची कृती, यावर वकील वाद घालू शकतात. पण त्या मुलानं मला विचारलेल्या प्रश्नाला वकील लागत नव्हता.

मी माझ्या 'लेखक' या शब्दाबद्दल पुष्कळ विचार केला आहे. आणणाऱ्याचं काम हलकं असतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते तीन आठवडे मी खरंच घाम गाळला. सी प्लस प्लसमध्ये जे सहज चालतं ते सी शार्पमध्ये अडतं, त्याच्या युक्त्या माझ्या होत्या. आजोबांनी बंगाली सणाच्या जागी आपला बैलपोळा आणला, ती युक्ती त्यांची. भाषांतर म्हणजे नुसती नक्कल असती तर ते इतकं अवघड नसतं. मी आणलं हे अभिमानानं सांगता आलं असतं. मी उगाच लिहिलं म्हणून सांगितलं, आणि त्यात जे खरोखर माझं होतं तेही खोटं होऊन बसलं.

तो मुलगा आता बंगलोरला मोठ्या हुद्द्यावर आहे. मध्यंतरी बोलणं झालं तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याला तो प्रश्न विचारल्याचं आठवतच नव्हतं!

वही मी मावशीकडून मागून आणली आहे. दादाला त्यातलं नाटुकलं सोसायटीच्या गणपतीत मुलांकडून करून घ्यायचं आहे. तिकीट नाही, म्हणजे पोस्टकार्डाप्रमाणे हरकत नसावी. तरी त्या हिंदी अनुवादकाचे कुणी वारस सापडतात का ते मी बघते आहे. दादाला म्हटलं, जाहिरातीच्या फलकावर चार ओळी जशाच्या तशा हव्यात. तो म्हणाला, "चौथी पण?"

चौथी पण. फक्त आता ती आपल्या नावानं.